झिऱ्याचं बूड

माय, तुझा नाल्यातला झिरा आम्ही बुजवला. सगळा नाही. कंबरेइतका खोल ठेवला, म्हणजे तू जिथवर जाऊ देत होतीस तिथवर, आणि त्याच्या खालचं सगळं भरून काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागेल आणि तुला कधी धीर नव्हता. बोलताना कोणी अडखळलं की तू म्हणायचीस, "बोल नं बाप्पा, तोंडात दही जमवून राहिली काय?" तुला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं म्हणून नाही. तुझ्यापुढे बसायची हिंमत नव्हती म्हणून. आज रविवार आहे, अकोल्यात ऊन इतकं की खिडकीची कडीसुद्धा हाताला भाजते, घरात कोणी नाही. आज बसते.

तू हिवरखेडकडची. तुझ्या माहेरी सातपुड्याच्या अंगचं पाणी, विहिरीत बादली सोडली की गोड पाणी वर. लग्न होऊन तू पूर्णेकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यात आलीस आणि दुसऱ्याच दिवशी सासूनं तुला तुरीची डाळ चुलीवर चढवायला सांगितली. दुपार टळली, सरपण संपलं, डाळ तशीच दाण्यादाण्यानं तळाशी. तू घाबरलीस, नवी सून, लोक म्हणतील हिला वरण येत नाही. सासू, म्हणजे माझी आजी, आली, डाळीच्या गंजात, त्या पातेल्यात, डोकावली आणि म्हणाली, "दाळीले काहून दोष देतं, पानी पाह्य. हे धुन्याचं पानी हाये." ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की ती नवी सून मीच होते असं मला कधी कधी वाटतं. आपल्या घरात म्हणूनच दोन घागरी. चुलीच्या उजवीकडे खाऱ्या पाण्याची, भांडी-धुणं आणि अंघोळीला. डावीकडे झाकण घातलेली, झिऱ्याची. डावीकडच्या घागरीला न विचारता हात लावला तर मनगटावर पळी बसायची. पाहुणा आला की तू चहा कोणत्या घागरीतून टाकतेस यावरून आम्हा पोरांना पाहुण्याची किंमत कळायची. तुझ्या दिराला तू एकदा उजवीकडच्या पाण्याचा चहा दिला होतास आणि तो फुटलेला चहा त्यानं मुकाट्यानं पिऊन टाकला होता.

झिरा आपल्या लोकांनी शोधला तो हौसेनं नाही. गावची विहीर गावाची होती आणि आजीच्या काळी आपल्या बायकांना तिथं घागर बुडवायची सोय नव्हती. म्हणून त्या नाल्यात उतरल्या. वाळूत चार ठिकाणी उकरलं, तीन ठिकाणी खारं निघालं, चौथ्या ठिकाणी बाजूंनी पाझरून आलं ते गोड. नंतर विहीर सगळ्यांना खुली झाली, तर तिचं पाणी आपल्याच्यानं पिववेना, इतकं ते खारट. गावातल्या बायकाच मग संध्याकाळी चोरून आपल्या झिऱ्यावर यायच्या. तू त्यांना भरू द्यायचीस. त्या गेल्यावर हसायचीस मात्र खूप.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झिरा काढायचा, हा वस्तीचा रिवाज. आदल्या दिवशी मिरवणुकीत नाचून सगळ्यांचे पाय दुखत असतात, पण पुण्याला कामाला गेलेली पोरं आणि सासरी गेलेल्या पोरी अशा एकाच दिवशी सापडतात, म्हणून तोच दिवस. वर्षभराची साचलेली वाळू आणि गाळ उपसायचा. बायका खाली उतरायच्या, पुरुष काठावर घमेली ओढायचे. याच्या उलट कधी झालं नाही, कारण खोली मोजायची ती बाईच्या कंबरेवर. वाळू संपली की खाली राखाडी, चिकट मातीची परत लागते. टिकासाच्या टोकाला ती माती लागली की तू हात वर करायचीस आणि सगळे थांबायचे. मग तुम्ही बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून त्या मातीवर गोल फिरायचात, पायांनी ती दाबत, थप थप, थप थप. भेगा पडल्या असतील तर बुजाव्यात म्हणून.

मी दहा वर्षांची आहे. सगळे काठावर भाकरी खायला बसलेत. मी खाली उतरून टिकास उचलते, माझ्याच्यानं ते धड पेलवत नाही, पण मला दाखवायचंय की मी पण खोदू शकते. दोन घाव घालते त्या राखाडी मातीत. तिसऱ्या घावाला तू वरून उडी टाकतेस. तोंडात घास तसाच आहे. माझा दंड धरून तू मला बाजूला फेकतेस, अक्षरशः फेकतेस, आणि गुडघ्यावर बसून त्या दोन खोकांमध्ये अंगठ्यानं माती दाबतेस, जसं तू पुरणाच्या पोळीला भोक पडलं की बुजवतेस. मग माझ्याकडे पाहून म्हणतेस, "घागरीचं बूड हाये हे. बूड फोडतं काय घागरीचं? खाली सारं मीठ भरून हाये, पोरी. मीठ!" मी रडते. तू मला रडू देतेस आणि संध्याकाळपर्यंत तिथंच मातीवर गोल गोल फिरवतेस, एकटीला. माझ्या तळपायांना दुसऱ्या दिवशी चप्पल घालवत नव्हती. त्या दिवशी मला तुझा रागच आला. हे शहाणपण वगैरे काही नाही, अडाणी बाईचा हट्ट आहे, असं मला दहाव्या वर्षी वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर पुढे शिकल्यावरही थोडं तसंच वाटत राहिलं.

अमरावतीला डिप्लोमा केला. दर शनिवारी तू डबा घेऊन एसटीनं यायचीस आणि होस्टेलच्या पायरीवर बसायचीस, आत यायची नाहीस. नोकरी लागली, पाण्याच्याच कामांची, तेव्हा तू अकोल्याच्या बाजारातून मला एक भेट आणलीस. मला वाटलं साडी असेल. पिशवीत मोजायची लोखंडी टेप होती, पिवळ्या डबीतली. दुकानदाराला तू म्हणाली होतीस, "साहेबाले द्यायची हाये, चांगली दे." तो साहेब म्हणजे मी. टेप ओढून सोडली की सर्रकन आत जाते याचं तुला फार हसू यायचं, चार-पाच वेळा ओढून पाहिलीस. नंतर तुझं दुखणं निघालं. अमरावतीच्या दवाखान्यात तू एकवीस दिवस होतीस आणि शेवटचं तू जे बोललीस ते "पंखा कमी कर" एवढंच. मी उठून पंखा कमी केला आणि परत येऊन बसले. तू झिऱ्याचं काही बोलली नाहीस. एक शब्दही नाही. हे लक्षात ठेव, कारण मी उलट सांगितलं.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात आपल्या गावानं पाण्याच्या श्रमदान स्पर्धेत नाव घातलं होतं. सकाळी पाचपासून माणसं फावडी घेऊन निघायची, बांध, चर, नाल्याचं खोलीकरण. खरंच सांगते माय, असं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी एकमेकांशी वीस वर्षं बोलणं टाकलं होतं ते एका घमेल्याला हात लावत होते. मी रजा टाकून आले होते, आखणी मीच करून दिली होती, आणि गावातली मोठी माणसं मला मॅडम म्हणत होती. त्यांनी मशीन आणलं होतं खोदायचं. शेवटच्या आठवड्यात सरपंच म्हणाला, "मॅडम, अडीच तास तुमच्या वस्तीले देतो. तुमच्या झिऱ्याचं एकदाचं खोल करून टाका." गावाचं मशीन आपल्या वस्तीकडे पहिल्यांदाच वळलं होतं. ते नाल्यातून घरघरत आलं तेव्हा आपली पोरं टाळ्या वाजवत त्याच्या पुढे पळत होती.

आणि बायका झिऱ्यापुढे उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे मावशी, तुझी मैत्रीण, शेजारची. तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "वाळू काढू दे मशीनीले. पन खालच्या मातीले हात नाही लावू द्यायचा. तुही माय कवाच लावू देत नोती." मी तिला समजावलं. खोल गेलं की साठा वाढतो, सगळीकडे वाढतो, मी दहा गावांत केलंय. ती ऐकेना. मशीनवाला घड्याळ पाहत होता. काठावर गावची माणसं उभी होती आणि त्यातल्या एकानं म्हटलंच, "राहू द्या मॅडम, याह्यले नाही पाह्यजे तं दुसरीकडं नेऊ." त्याच्या त्या 'याह्यले', 'यांना', शब्दानं माझ्या अंगाची आग आग झाली. आता हे मशीन परत गेलं तर हे लोक जन्मभर म्हणतील की द्यायला गेलो होतो, यांनाच नको होतं. मी मावशीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मावशी, मायनंच सांगतलं होतं मले. दवाखान्यात. म्हने, मशीन भेटलं कधी तं माहा झिरा खोल करजो."

इतकी सहज म्हणाले. वर दवाखानाही घातला, म्हणजे कोणी विचारू नये. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग पदर डोळ्याला लावला आणि बाजूला झाली. "तिचं मन असंन तं मंग मी कोन," म्हणाली. मशीनच्या बादलीनं ती राखाडी माती एका घासात उचलली. नऊ फूट खाली गेलो आम्ही. मोजलं तुझ्याच टेपनं.

पाणी आलं, धो धो आलं. दोन दिवस वस्तीत सण होता, फोटो निघाले, माझ्या गळ्यात हार पडला. तिसऱ्या दिवशी मावशीच्या सुनेनं वरण चढवलं आणि दुपारी गंज घेऊन ती माझ्याकडे आली. पळीनं डाळ हलवून दाखवली. दाणा न् दाणा वेगळा. आठ दिवसांत काठाला पांढरी खपली धरली. मला कागदावर शिकवलेलं सगळं तेव्हा आठवलं, की वर पावसाचं हलकं गोड पाणी, खाली जुनं जड खारं पाणी, आणि मध्ये धरून ठेवणारी ती हातभर माती. आपल्या तालुक्याची जमीन वेगळी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. तुझं ऐकायचं नव्हतं, एवढंच.

नंतर वस्ती नळाच्या पाण्यावर गेली, जे पंधरा दिवसांनी येतं, आणि मधल्या दिवसांत जे मिळेल त्यावर. त्या पाण्यावर सात वर्षं गेली. मावशीचा मुलगा, माझ्याहून लहान, लहानपणी माझ्या पाठीवर बसून शाळेत जायचा, त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसच्या मशीनवर येतो. डॉक्टर पाण्याचं नाव घेत नाहीत, म्हणतात कारणं बरीच असतात, आणि असतीलही. परत जाताना तो माझ्याकडे जेवतो. बिनमिठाचं करते मी त्याच्यासाठी. तो हसत म्हणतो, "ताई, मले पानीबी मोजून प्या लागते आता." मी भाजी वाढते आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी असतेस.

हो, तू येतेस. हे कोणाला सांगितलेलं नाही. भर दुपारी येतेस, उजेडात, म्हणून मला भीती वाटत नाही. भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटतं. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की कपाटाजवळ उभी. कासोटा खोचलेला, लुगडं कंबरेपर्यंत ओलं, आणि फरशीवर थेंब नाही. तू रागावलेली नसतेस. रागावली असतीस तर मी रडले असते आणि झालं असतं. तू नुसती ऐकायला आल्यासारखी उभी असतेस, कान माझ्याकडे करून. नकाशावर कुठे खोदाईची खूण करायला पेन टेकवलं की ती थप थप ऐकू येते. मी दोनदा बदली मागितली, ऑफिस बदललं, तू त्या आवाजासकट सोबत आलीस.

तुला सगळ्यांत वाईट काय झालं ते सांगते. वस्तीतल्या बायका तुला बोल लावायला लागल्या. नळावर भांडणं झाली की कोणीतरी म्हणायचं, "त्या बुढीनं मरतानी आपलं पानी खाल्लं." मावशी सुरुवातीला त्यांच्या अंगावर जायची. मग जाईनाशी झाली. तुझं नाव निघालं की उठून घरात जायची. मी हे सगळं ऐकत होते, दरवर्षी जयंतीला ऐकत होते, आणि पुरी तळत होते.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या आधीच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. आवाज उतरलेला. "तुही माय सपनात येऊन राहिली वं," म्हणाली. "झिऱ्यात उभी हाये. गळ्यालोक पान्यात. मले हात दाखवून म्हन्ते, पाय टेकत नाही वं माह्ये." मावशी पुढे बोलतच होती. तिनं त्याचा अर्थ लावला होता. तुझं मन झिऱ्यात अडकलं आहे, तुझं काम आम्ही अर्धवट सोडलं, गोड पाणी आणखी खाली असेल, म्हणून तू सांगायला येतेस. तिनं बायकांना पटवलं होतं. मशीन ठरवलं होतं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी येणार होतं. "यंदा पुरं करून टाकतो तिचं म्हननं," म्हणाली, "मंग तिले शांती भेटन."

माय, मी तेव्हाही गप्प बसू शकले असते. ऑफिसातून एक कागद आणवून मशीन थांबवलं असतं, कोणाला काही कळलं नसतं. मी तसा कागद लिहायलाही घेतला होता. पण मावशी फोन ठेवताना म्हणाली, "मी रोज तिची माफी मांगतो." तू झिऱ्याचं काहीही न बोलता गेलीस आणि तुझ्या मैत्रिणीनं रोज तुझी माफी मागावी, माझ्यामुळे, हे मला सहन झालं नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. तीस-चाळीस बायका, पुरुष दाराशी. मला वाटलं होतं भाषण करीन, आधी जमिनीचं शास्त्र सांगीन, मग हळूच. पण तोंड उघडलं आणि सरळच निघालं. "मायनं असं काही सांगतलं नोतं. म्या खोटं बोलली. मशीन परत जाऊ नये म्हनून बोलली." मावशी पहिल्या ओळीत बसली होती, ती माझ्याकडे न पाहता चटईची काडी सोलत होती. तिची सून उठली. तीच, जी गंज घेऊन आली होती. "मंग सात वर्सं आमी त्या बाईले शिव्या देल्या," ती म्हणाली, "त्याचं काय करू आता? कोनाच्या पायावर डोकं ठेवू?" नवऱ्याचं नाव तिनं काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं. मावशी उठून निघून गेली. मी तिथं उभीच होते, लोक एकेक करून माझ्या बाजूनं वळसा घालून बाहेर गेले.

चार दिवस कोणाचा फोन नाही. पाचव्या दिवशी मावशीचा आला. "घमेलं हाये काय तुह्याकडं? नसन तं घेऊन ये. आन् ते तुही पानी मोजाची काडी नोको आनू." काडी म्हणजे माझं क्षाराचं मीटर, पेनासारखं असतं ते. मशीन रद्द केलं होतं. उपसलेली राखाडी माती नऊ वर्षांपूर्वी... नाही, तेव्हा सातच झाली होती... काठावर टाकलेली तशीच पडून होती, दगडासारखी वाळलेली, वर बाभळी उगवलेल्या. ती फोडायची, भिजवायची, चाळायची, खड्ड्यात टाकायची, आणि पायानं दाबायची. प्रत्येक थराला हेच. सत्तावीस दिवस लागले. सरपंचानं ट्रॅक्टर पाठवतो म्हटलं, बायकांनी नको म्हटलं. तरी गावातल्या पाच-सहा बायका रोज यायला लागल्या, सांजवेळी चोरून पाणी नेणाऱ्या घरांतल्याच त्या. मी सुट्टी टाकली. मला खांद्यावर हात कोणी देईना, पहिले दोन दिवस मी गोलाच्या बाहेर एकटी दाबत होते. तिसऱ्या दिवशी मावशीनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि कानात म्हणाली, "तुही माय असती तं तुले अथीच गाडली असती." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मी गाडत नाही. मले माती कमी पडून राहिली." आणि हसली गं. सुनेच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती प्रत्येक पावलाला काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती तुझी माफी मागत होती, मातीला.

पहिल्या पावसाळ्यानंतर खारंच निघालं. मावशी म्हणाली, मीठ एका दमात जात नाही, थांबा. यंदा दुसरं वर्ष. परवा जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झिरा काढला. बायका उतरल्या, कंबरेइतकी वाळू उपसली, राखाडी माती दिसली, मावशीनं हात वर केला. सगळे काठावर बसून राहिले. तासाभरानं बाजूंनी पाणी पाझरायला लागलं, स्वच्छ, खालची माती दिसेल इतकं. मावशीनं गडवा भरला. मला वाटलं ती स्वतः पिईल, किंवा मुलाला देईल, तो काठावर खुर्चीत बसला होता. तिनं तो माझ्या हातात दिला. "तू चाख. तुह्या तोंडून खराब झालं, तुह्याच तोंडून चांगलं होऊ दे." मीटर घरी होतं, तिनंच आणू दिलं नव्हतं. पन्नास-साठ माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. सुनेनं घागर आधीच कडेवर घेतली होती.

मी प्यायले. अर्धा गडवा प्यायले. गार होतं. मग म्हणाले, "गोड हाये." एकच गलका झाला, पोरं पाण्याकडे धावली, मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या सगळ्या गर्दीत मी तुला शोधत होते, आणि तू नव्हतीस. कालही आली नाहीस, आजही नाही. सगळे म्हणतील तुला शांती मिळाली. तुला हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि मावशीला वाचून दाखवायची माझी छाती नाही. घडी घालून ठेवून देईन कुठेतरी.

माय, वीस-बावीस वर्षं मी फिल्टरचं पाणी पिते आहे. परवा मला चव कळलीच नाही.